स्प्रिंग ट्रेनिंगचा सामना आणि दुखापतीनंतर परतणारा पिचर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्प्रिंग ट्रेनिंग म्हणजे नक्की काय? हे सामने धरले जातात का?

अमेरिकेतल्या मेजर लीग बेसबॉलचा (एमएलबी) हंगाम मार्चअखेर सुरू होतो. त्याआधीचे सहा आठवडे म्हणजे स्प्रिंग ट्रेनिंग. फेब्रुवारीच्या मध्यावर आधी पिचर (बॅटरकडे चेंडू फेकणारे) आणि कॅचर (बॅटरमागे बसून तो झेलणारे) शिबिरात येतात, बाकीचे खेळाडू चार-पाच दिवसांनी. फेब्रुवारीच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून सराव सामने सुरू होतात. जय-पराजय, धावा, सरासरी यांतलं काहीच अधिकृत नोंदीत जात नाही. पिचर आधी का येतात, याचं उत्तर साधं आहे. बॅटरचा डोळा दोन आठवड्यांत बसतो, पण पिचरचा हात शंभर चेंडूंसाठी तयार व्हायला सहा आठवडे लागतात. सगळं वेळापत्रक त्या हाताभोवती आखलेलं असतं.

सामने होतात कुठे?

तीस संघांपैकी १५ अ‍ॅरिझोनात (कॅक्टस लीग) आणि १५ फ्लोरिडात (ग्रेपफ्रूट लीग). अ‍ॅरिझोनातली सगळी दहा मैदानं फीनिक्स शहराच्या आसपास आहेत. काही मैदानं दोन संघांत वाटलेली आहेत. डॉजर्स आणि व्हाइट सॉक्स कॅमलबॅक रँचवर, डायमंडबॅक्स आणि रॉकीज सॉल्ट रिव्हर फील्ड्सवर. एका मैदानावरून दुसऱ्यावर जायला फार तर तासभर लागतो, त्यामुळे दुपारी एक आणि संध्याकाळी एक असे दोन सामने एका दिवसात सहज बसतात.

फ्लोरिडात तसं नाही. यँकीज टँपात, रेड सॉक्स आणि ट्विन्स फोर्ट मायर्सला, मेट्स पोर्ट सेंट लूसीला, कार्डिनल्स आणि मार्लिन्स ज्युपिटरला. काही प्रवास दोन-अडीच तासांचे. याचा पिचरशी थेट संबंध आहे. मुरलेले पिचर लांबच्या बस प्रवासाला सहसा जात नाहीत. नावाजलेला पिचर पाहायचा असेल तर त्याच्या संघाच्या घरच्या मैदानावरचा सामना निवडा.

(ब्रॅडेंटनमध्ये पायरेट्सचं शिबिर असतं. २००८ साली पायरेट्सने करारबद्ध केलेले रिंकू सिंग आणि दिनेश पटेल हे दोन भारतीय भालाफेकपटू पिचर म्हणून खेळले ते याच गावात.)

भारतातून बघायचं तर किती वाजता जागायचं?

बहुतेक सामने तिथल्या दुपारी १:०५ च्या सुमारास सुरू होतात. फ्लोरिडाचा सामना भारतात रात्री ११:३५ ला लागतो. मार्चच्या दुसऱ्या रविवारी तिथली घड्याळं तासभर पुढे जातात, त्यानंतर तोच सामना १०:३५ ला. अ‍ॅरिझोनात घड्याळ बदलत नाही, तिथला १:०५ म्हणजे आपल्याकडे कायम मध्यरात्रीनंतरचे १:३५. मार्चमधला तो रविवार विसरलात तर फ्लोरिडातला सुरुवातीचा पिचर हमखास चुकतो, कारण तुम्ही लॉग-इन करेपर्यंत त्याचं काम आटोपलेलं असतं.

सगळे सामने कॅमेऱ्यावर नसतात. काहींचं फक्त रेडिओ समालोचन असतं, काहींचं तेही नाही. एमएलबीच्या अ‍ॅपमधलं ‘गेमडे’ मात्र मोफत आहे आणि चेंडूगणिक नोंद देतं. वेग आणि चेंडूचा प्रकार दिसेलच असं नाही. ते त्या मैदानावर मोजणीची यंत्रणा आहे की नाही, यावर अवलंबून.

सामना बरोबरीत सुटला, मध्येच काढलेला पिचर पुढच्या इनिंगला परत आला. हे काय चाललंय?

सगळं नियमाला धरूनच. नऊ इनिंगनंतर (दोन्ही संघांची एकेक फलंदाजी, प्रत्येकी तीन आउटपर्यंत, म्हणजे एक इनिंग) बरोबरी असेल तर सामना तिथेच संपतो. सुरुवातीच्या पिचरचे पहिल्याच इनिंगमध्ये २५-३० चेंडू झाले, तर त्याला बाहेर बसवून पुढच्या इनिंगला पुन्हा उभं करता येतं. नियमित हंगामात बाहेर गेलेला खेळाडू परत येऊ शकत नाही. इथे ही सवलत आहे ती हातासाठीच. एका दमात ३५ चेंडू टाकणं आणि मध्ये दहा मिनिटं बसून १८ अधिक १७ टाकणं, यात थकव्याचा फरक मोठा असतो.

वेळापत्रकात संघाच्या नावापुढे ‘एसएस’ (स्प्लिट स्क्वॉड) दिसलं, तर त्या दिवशी संघाचे दोन भाग करून दोन ठिकाणी सामने आहेत. अशा दिवशी तुमचा पिचर कोणत्या गावात आहे ते आधी तपासा. पाठीवर ८७ किंवा ९४ असे आकडे दिसले तर ती बहुधा खालच्या लीगमधली पोरं. पाचव्या-सहाव्या इनिंगनंतर मैदानभर तीच असतात.

पिचरचा कोपरच का जातो? आपल्या वेगवान गोलंदाजांची तर पाठ जाते.

क्रिकेटमध्ये हात सरळ ठेवावा लागतो, कोपर १५ अंशांपेक्षा जास्त सरळ होता कामा नये. वेग धावण्यातून आणि कमरेच्या वाकण्यातून येतो, म्हणून ताण मणक्याच्या खालच्या भागावर. पिचर जागेवरून टाकतो. कोपर वाकवून, दंड मागे पिळून, मग झटक्यात पुढे. त्या झटक्यात कोपराच्या आतल्या बाजूला सांधा उघडायला बघतो आणि त्याला आवळून धरणारा एकच छोटा अस्थिबंध तिथे असतो, यूसीएल. ताशी ९५ मैल म्हणजे १५३ किलोमीटर वेगाने दर पाच-सहा दिवसांनी ९० वेळा तो ताणला जातो. एक दिवस तुटतो, किंवा वर्षानुवर्षं झिजत झिजत विरतो.

त्या जागी मनगटाजवळचा किंवा मांडीचा स्नायुबंध काढून हाडांत भोकं पाडून ओवतात. २५ सप्टेंबर १९७४ ला डॉ. फ्रँक जोब यांनी टॉमी जॉन या पिचरवर ही शस्त्रक्रिया पहिल्यांदा केली आणि नाव रुग्णाचंच पडलं. जॉन १९७५ चं वर्ष बसून राहिला, १९७६ मध्ये परतला, १९८९ पर्यंत खेळला. त्याच्या २८८ विजयांपैकी १६४ शस्त्रक्रियेनंतरचे आहेत. अलीकडे काही जणांच्या मूळ अस्थिबंधाला मजबूत पट्टीचा आधार देतात, त्याला ‘इंटर्नल ब्रेस’ म्हणतात. कधी दोन्ही एकत्र करतात.

शस्त्रक्रियेपासून सामन्यापर्यंतच्या पायऱ्या कोणत्या?

तारखा माणसागणिक बदलतात, क्रम बदलत नाही.

चार-पाच महिन्यांनी पहिला चेंडू, तोही ४५ फुटांवर, हलक्या हाताने. २५ फेकी, विश्रांती, पुन्हा २५. मग ६०, ९०, १२० फूट आणि पुढे. हे सगळं सपाट जमिनीवर. माउंड, म्हणजे पिचर सामन्यात जिथून टाकतो तो मातीचा उंचवटा, येतो नवव्या-दहाव्या महिन्याच्या आसपास. माउंड दहा इंच उंच असतो आणि उतारावरून टाकताना ताण वाढतो, म्हणून तिथे पुन्हा शून्यापासून सुरुवात : १५ चेंडू, सगळे फास्टबॉल, कॅचर बसलेला, जोर जपून. त्यात चेंजअप (फास्टबॉलसारखा भासणारा संथ चेंडू) मिसळतो, आणि स्लायडर-कर्व्हसारखे वळणारे चेंडू शेवटी. यानंतर बॅटर समोर उभा राहतो.

एकूण १२ ते १८ महिने. सुरुवातीच्या पिचरला बहुधा १४ च्या पुढेच. ‘अकराव्या महिन्यात १०० मैलांचा चेंडू टाकला’ अशी बातमी आली की चाहते तारखा मोजायला लागतात. मोजू नका. नवा बंध रुजायला लागणारा वेळ ठरलेला आहे, उत्साहाने तो कमी होत नाही.

बुलपेन, लाइव्ह बीपी, सिम्युलेटेड गेम यांत फरक काय?

बुलपेनमध्ये, म्हणजे पिचरच्या सरावाच्या जागेत, समोर फक्त कॅचर असतो. लाइव्ह बीपीत (बॅटिंग प्रॅक्टिस) आपल्याच संघाचा बॅटर उभा राहतो, पण धावा-आउट नाहीत. पिंजरा लावलेला असतो, चेंडू संपले की काम संपलं. सिम्युलेटेड गेममध्ये १५ चेंडू टाकायचे, बाकावर जाऊन बसायचं, दहा-बारा मिनिटांनी उठून पुन्हा १५. हे उठणं-बसणंच महत्त्वाचं, कारण थंड पडलेला हात पुन्हा तापवता येतो का, हे त्यातच कळतं. बातमीत नुसतं ‘४० चेंडू टाकले’ असेल तर ते किती बैठकांत, हे शोधा.

शिबिरात चेंडूंची चढण कशी असते?

ठणठणीत पिचरची साधारण अशी : पहिला सामना एक-दोन इनिंग, २५-३० चेंडू. मग ४५, ६०, ७५, आणि हंगामाआधीचा शेवटचा ८५-९०. मध्ये दर वेळी चार-पाच दिवस. शस्त्रक्रियेवरून परतणाऱ्याची चढण याच जातीची, पण संथ. एखादी पायरी दोनदा घेतली जाते, मध्ये सहा-सात दिवसही जातात. त्याचा पहिला सामना मार्चच्या मध्यावर असेल, तर हंगामाच्या पहिल्या आठवड्यात तो पाच इनिंग टाकणार नाही हे तेव्हाच समजून घ्यावं. गणित बोटांवर होतं : चार पायऱ्या गुणिले पाच दिवस म्हणजे वीस दिवस.

पुनरागमनाच्या पहिल्याच सामन्यात सहा धावा खाल्ल्या. काळजी करावी का?

धावांवरून नाही. शिबिरातल्या सामन्यात पिचर काहीतरी तपासत असतो. पूर्ण इनिंग फक्त फास्टबॉल आतल्या कडेला टाकायचा, असं ठरवून आलेल्याला तिसरा बॅटर ओळखतो आणि ठोकतो. शिवाय वारा आणि अ‍ॅरिझोनाची कोरडी हवा यांत चेंडू लांब जातो, ते वेगळंच.

पाहायचं ते हे. चेंडू कॅचरच्या ग्लोव्हजवर येतोय की कॅचर आडवा धावतोय? चेंडू चुकतोय तो कुठे? सतत वर आणि हाताच्या बाजूला निसटत असेल तर हात शरीराच्या मागे राहतोय, ही गंजाची खूण. वळणारे चेंडू टाकतोय का? टाळत असेल तर ते आधीच ठरलेलं आहे की दुखतंय, हे सामन्यानंतरच्या मुलाखतीत कळतं. पहिल्या आणि शेवटच्या पाच फास्टबॉलच्या वेगात किती फरक? एक मैल ठीक. तीस चेंडूंतच तीन मैल उतरला तर कान टवकारा.

वेग आधी परततो, ताबा सगळ्यांत शेवटी. सँडी अल्कांताराने २०२२ चं साय यंग पारितोषिक (लीगमधल्या सर्वोत्तम पिचरला मिळणारं) जिंकलं, ऑक्टोबर २०२३ मध्ये शस्त्रक्रिया झाली, २०२४ पूर्ण गेलं. २०२५ च्या शिबिरातून तो थेट मार्लिन्सचा पहिल्या दिवसाचा पिचर झाला. हातात जोर होता, पण जुलैपर्यंत त्याची ईआरए (नऊ इनिंगमागे पिचरच्या खात्यावर पडणाऱ्या धावा, जितक्या कमी तितकं चांगलं) ७ च्या वर होती. पुढे सुधारत हंगाम ५.३६ वर संपला. उलट उदाहरण जस्टिन व्हरलँडरचं : २०२० मध्ये शस्त्रक्रिया, २०२२ मध्ये ३९ व्या वर्षी १.७५ ची ईआरए आणि साय यंग. दोघांच्याही मार्चमधल्या आकड्यांवरून पुढचं काही सांगता आलं नसतं.

धोक्याची चिन्हं कोणती?

कॅमेरा पिचरच्या चेहऱ्यावर असतो, तुम्ही हाताकडे बघा. चेंडू सोडल्यावर हात खाली लोंबू देऊन झटकणं. बोटं उघडझाप करून बघणं. फेकीनंतर ग्लोव्हच्या हाताने कोपराच्या आतली बाजू किंवा दंडाची मागची बाजू चाचपणं. कॅचर स्वतःहून माउंडकडे निघतो आणि चालता चालता बाकाकडे बघतो. ट्रेनर बाहेर आला आणि पिचरने चेंडू एकदाही टाकून न बघता व्यवस्थापकाच्या हातात दिला, की समजावं. बोटावरचा फोड असेल तर मात्र तो बोटाकडे बघतो आणि चरफडतो. ते परवडलं.

शेन मॅक्लनहन हे ताजं उदाहरण. ऑगस्ट २०२३ मध्ये शस्त्रक्रिया, २०२५ चं शिबिर उत्तम चाललेलं, टँपा बे रेज संघाचा पहिल्या दिवसाचा पिचर म्हणून नाव ठरलेलं. २२ मार्चला हंगामाआधीच्या शेवटच्या सामन्यात एक चेंडू टाकला आणि डावा दंड धरला. कोपराचा बंध शाबूत होता, दुखणं दंडाजवळच्या नसेचं निघालं. ते अख्खं वर्ष गेलं.

उलट, कधी मैदानावर काहीच दिसत नाही. यँकीजचा गेरिट कोल ६ मार्च २०२५ ला ट्विन्सविरुद्ध टाकून गेला आणि कोपर दुखू लागला तो त्यानंतर. ११ मार्चला शस्त्रक्रिया. म्हणून सामन्याच्या निकालापेक्षा दुसऱ्या-तिसऱ्या दिवसाची बातमी मोलाची. ‘ठरल्याप्रमाणे बुलपेन टाकला’ हे वाक्य सापडलं की पायरी पार पडली.

आज तो टाकणार असं जाहीर होतं, पण दुसराच आला. लपवाछपवी आहे का?

कधी कधी, हो, पण वाईट अर्थाने नाही. समोर आपल्याच गटातला संघ असेल तर त्यांच्या बॅटरना आपला पिचर आधीच दाखवायचा नाही, म्हणून त्याला मागच्या मैदानावर खालच्या लीगच्या पोरांसमोर टाकायला लावतात. तिथे इनिंग हवी तेव्हा थांबवता येते, तीन आउट होण्याची वाट बघावी लागत नाही. चेंडूंचा हिशेब काटेकोर ठेवायचा तर सोय तीच. पावसाचा अंदाज हेही नेहमीचं कारण, फ्लोरिडात विशेषतः.

कारण न देता नाव काढलं आणि संध्याकाळपर्यंत ‘तपासणी’ हा शब्द आला, तर मात्र गोष्ट वेगळी.

बॉक्स स्कोरमध्ये ‘२.२’ म्हणजे किती?

दोन इनिंग आणि दोन आउट, म्हणजे दोन पूर्णांक दोन तृतीयांश. आपल्या षटकांसारखंच, बिंदूनंतर दशांश नाही. इथे ०, १ किंवा २ एवढेच आकडे येतात.

समजा ओळ अशी आहे : २.२ इनिंग, ३ हिट, २ धावा, १ वॉक, ४ स्ट्राइकआउट, ४१-२७. शेवटची जोडी आधी वाचा. ४१ चेंडू, त्यांतले २७ स्ट्राइक (पट्ट्यातून गेलेले किंवा बॅटरने बॅट फिरवलेले), म्हणजे जवळपास ६६ टक्के. परतणाऱ्या पिचरसाठी हे चांगलं आहे. ५५ च्या खाली असेल तर ताबा अजून आलेला नाही.

जखमींच्या यादीचं काय? ६० दिवसांच्या यादीत टाकला म्हणजे दुखापत वाढली का?

तसं नाही, बहुतेकदा तो जागेचा हिशेब असतो. पिचरसाठी दोन याद्या : १५ दिवसांची आणि ६० दिवसांची. पहिलीला तीन दिवसांपर्यंत मागची तारीख लावता येते. दुसरीत टाकलेला खेळाडू ४० जणांच्या मुख्य यादीत मोजला जात नाही, त्यामुळे संघाला एक नवा माणूस घेता येतो. फेब्रुवारीत ६० दिवसांच्या यादीत गेलेल्याचे दिवस हंगाम सुरू झाल्यावर मोजतात, म्हणजे मेअखेरीपर्यंत तो दिसणार नाही.

यादीतून बाहेर येण्याआधी खालच्या लीगमध्ये खेळतात, तो ‘रिहॅब’. पिचरला त्यासाठी साधारणपणे ३० दिवस. रिहॅब सुरू झाल्याची बातमी आली की कॅलेंडरवर ३० दिवस पुढे खूण करा. मध्येच दुखलं तर त्याला परत बोलावतात आणि ते घड्याळ थांबतं.

बॅटर किंवा कॅचर डोक्यावर हात का मारतात?

पंचाच्या बॉल-स्ट्राइकच्या निर्णयाला आव्हान. २०२५ च्या शिबिरात चाचणी झाली, २०२६ पासून नियमित हंगामातही लागू. प्रत्येक संघाला दोन संधी, आव्हान बरोबर ठरलं तर संधी शाबूत. फक्त बॅटर, पिचर आणि कॅचर मागू शकतात, बाकावरून खूण चालत नाही. आव्हानाचा निकाल यंत्र देतं, आणि त्याचा स्ट्राइकचा पट्टा बॅटरच्या उंचीवर ठरतो : वरची कड ५३.५ टक्क्यांवर, खालची २७ वर. पिचरने स्वतः आव्हान देणं सहसा तोट्याचं. चेंडू सोडताना त्याचं डोकं एका बाजूला पडलेलं असतं, त्याला कड नीट दिसत नाही. कॅचरवर सोडावं.

प्रत्यक्ष मैदानावर जायचंय. काय सांभाळावं?

पिचरसाठी जात असाल तर सामन्याच्या किमान तासभर आधी आत असा. सुरुवातीचा पिचर साधारण २५ मिनिटं आधी बुलपेनमध्ये टाकायला लागतो, आणि तिथे कठड्याला टेकून दहा-पंधरा फुटांवरून त्याला बघता येतं. कॅचरच्या ग्लोव्हमध्ये चेंडू बसल्याचा आवाज टीव्हीवर कधीच तसा येत नाही. दोन इनिंगचं काम चाळीस मिनिटांत आटोपतं. पार्किंगच्या रांगेत अर्धा तास गेला की तिकिटाचे पैसे पाण्यात.

सर्वांत स्वस्त तिकीट आउटफिल्डमागच्या हिरवळीचं. चादर न्या, तिथे खुर्च्या नसतात. पोरांना घेऊन जाणाऱ्यांसाठी हीच जागा उत्तम, पण सावली नाही, आणि तिथून चेंडूचं वळण दिसत नाही. सावली हवी असेल तर होम प्लेटमागच्या (बॅटर उभा राहतो त्या जागेमागच्या) वरच्या रांगा. अ‍ॅरिझोनातलं मार्चमधलं ऊन कोरडं असतं, घाम जाणवत नाही आणि कातडी मात्र भाजते. टोपी, सनस्क्रीन आणि पाणी हवंच. पिशवीचा आकार आणि बाहेरचं खाणं यांचे नियम मैदानागणिक वेगळे आहेत. थेपले-चटणीचा डबा भरण्याआधी त्या मैदानाचं पान वाचा.

स्वाक्षरी मिळेल?

सुरुवातीच्या पिचरची, सामन्याआधी, नाही. त्या दिवशी तो कोणाशी बोलतही नाही. ज्या दिवशी टाकायचं नाही त्या दिवशी सकाळी, मागच्या मैदानांवरून क्लबहाउसकडे जाण्याच्या वाटेवर उभे राहा. अनेक शिबिरांत ही मैदानं सकाळी लोकांना मोफत बघता येतात. पेन स्वतःचं न्या, चेंडूवर सही घ्यायची तर निळं बॉलपेन. मार्करची शाई चेंडूच्या कातड्यात पसरते.

नियमित हंगामातल्या पहिल्या सामन्यात त्याच्याकडून किती अपेक्षा ठेवायची?

शिबिरातला त्याचा शेवटचा आकडा घ्या आणि त्यात दहा मिळवा. शेवटच्या सामन्यात ६८ टाकले असतील तर ७५-८० ला व्यवस्थापक उठेल, मग पाचव्या इनिंगला दोन आउट असोत की एकही हिट गेलेली नसो. त्या क्षणी प्रेक्षक ओरडतात. पिचर चेंडू देऊन मुकाट्याने बाकावर जातो, आणि ट्रेनर आत त्याची वाट बघत असतो.